इस्रायलचा मतदार मत देतो कोणाला?

इस्रायलच्या निवडणुकीबद्दल एक समज हमखास आढळतो: तिथले लोक आपापल्या मतदारसंघातून खासदार निवडतात आणि सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता पंतप्रधान होतो. भारतीय वाचकाला तसे वाटणे साहजिकच. प्रत्यक्षात तिथे वेगवेगळे मतदारसंघच नाहीत.

क्नेसेटसाठी (१२० जागांची एकसदनी संसद) सगळा देश मिळून एकच मतदारसंघ. मतदार पडद्याआड एक कागदी चिठ्ठी उचलतो, पाकिटात घालतो आणि पेटीत टाकतो. चिठ्ठीवर ठळक असतात ती पक्षाची अक्षरे. उमेदवारांची क्रमवार यादी पक्षाने आधीच दिलेली असते आणि ती रेल्वेच्या प्रतीक्षा यादीसारखी चालते: जेवढ्या जागा, तेवढी वरची नावे कन्फर्म, कोणी राजीनामा दिला की पुढचे नाव आत.

उंबरठा (जागा मिळण्यासाठी लागणारी किमान मते) ३.२५ टक्के आहे. २०२२ मध्ये मेरेत्झ हा डावा पक्ष ३.१६ टक्क्यांवर अडला आणि संसदेबाहेर फेकला गेला.

बहुमताच्या ६१ जागा एकट्या पक्षाला आजवर मिळालेल्या नाहीत. त्यामुळे इतर पक्षांना सोबत घेऊन बहुमत जुळवण्याची खरी चढाओढ मतमोजणीनंतर सुरू होते, आणि तीच जास्त रंगते. २००९ मध्ये कदिमाला २८ आणि लिकुडला २७ जागा होत्या; सरकार बनवले लिकुडच्या नेतान्याहूंनी. २०२१ मध्ये तर ७ जागा जिंकलेल्या यामिना पक्षाचे नफ्ताली बेनेट पंतप्रधान झाले.

पंतप्रधान थेट निवडण्याचा प्रयोगही १९९६, १९९९ आणि २००१ मध्ये झाला. पण मतदार संसदेसाठीचे दुसरे मत बिनधास्त छोट्या पक्षांना देऊ लागले, मोठे पक्ष रोडावले आणि ती पद्धत मोडीत निघाली.