मोटारीतला सबवूफर आणि वॉटचा हिशेब

काचा बंद असलेल्या मोटारीतूनही कधी कधी गाण्याचा 'धम् धम्' ठेका रस्त्यावर ऐकू येतो. सुमारे २० ते १०० हर्ट्झचे हे खर्जातले स्वर काढणारा मोठा स्पीकर म्हणजे सबवूफर. त्याला चालवायला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. दोहोंच्या खोक्यांवर वॉटचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांवर विसंबून जोडी जमवली, तर पैसे वाया जातात आणि प्रसंगी स्पीकरची कॉइलही जळते. या आकड्यांची पारख मात्र शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रावर करता येते.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर का लागतो? इंजिन चालू असताना मोटारीत सुमारे १४ व्होल्ट विभवांतर मिळते. थेट त्यावर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर १४ व्होल्टपेक्षा उंच लाट देऊ शकत नाही. अशा लाटेचे सरासरी परिणाम दाखवणारे मूल्य, म्हणजे आरएमएस विभवांतर, १४ भागिले १.४१ म्हणजे ९.९ व्होल्ट. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. ४ ओहमच्या स्पीकरला यातून फार तर २४ वॉट मिळतील. ३०० वॉट हवे असतील, तर ३४.६ व्होल्ट लागतात. म्हणून मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बॅटरीची एकदिश धारा अतिशय वेगाने चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरने विभवांतर वाढवतात आणि ती पुन्हा एकदिश करून घेतात.

विभवांतर वाढले, तरी ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही. ३०० वॉट बाहेर हवे असतील आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर आत ३७५ वॉट द्यावे लागतात. त्यासाठी बॅटरीकडून सुमारे २७ अँपिअर धारा घ्यावी लागेल. आता समजा, खोक्यावर '२००० वॉट' असे लिहिले आहे, पण फ्यूज ३० अँपिअरचा आहे. १४ गुणिले ३० म्हणजे सतत मिळू शकणारी शक्ती ४२० वॉट! यातून २००० वॉट बाहेर येणार कसे? असे आकडे फार तर क्षणभराच्या शिखराचे असतात. म्हणून दोन्ही खोक्यांवर 'आरएमएस' हा शब्द शोधावा आणि तोच आकडा जुळवावा. अमेरिकेत २००३ साली आलेल्या सीईए-२००६ या मानकात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याहून जास्त विकृती नाही, अशा अटींवर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती मोजतात.

दुसरी गोष्ट ओहमची. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले की २ ओहम होतात आणि धारा दुप्पट होते. एकसर जोडले की ८ ओहम होतात. अ‍ॅम्प्लिफायर २ ओहमसाठी बनवलेला नसेल, तर समांतर जोडणीने तो तापतो.

'कमी शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो,' असेही ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. आवाज मर्यादेबाहेर वाढवला की लाटेचे माथे कापले जातात आणि ती चौकोनी होऊ लागते. पूर्ण चौकोनी लाटेची शक्ती तेवढ्याच उंचीच्या साइन लाटेच्या दुप्पट असते. म्हणून २०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर फार ताणला, तर ४०० वॉटपर्यंत देऊ शकतो आणि ३०० वॉटच्या कॉइलला धोका होतो. १०० वॉटचा मात्र २०० वॉटच्या आसपास थांबेल. आवाज फाटेल, पण कॉइल वाचेल. स्पीकरला मिळणाऱ्या शक्तीतला फारच थोडा भाग ध्वनी होतो. बाकीची उष्णता होते, हे लक्षात ठेवावे.

मग थोडा फरक राहिला तर? शक्ती दुप्पट केली, तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. २५० आणि ३०० वॉटमधला फरक ०.८ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतकाच. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

वर्गात एखाद्या जाहिरातीतले वॉट आणि फ्यूजचे अँपिअर फळ्यावर लिहून मुलांना हा हिशेब करायला सांगावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवला तर काय होईल, हेही विचारावे. तार तापून आग लागू शकते, हे उत्तर मुलांकडूनच आले पाहिजे.