यंत्र येण्याआधी विचारायचे प्रश्न

नांदेडहून वसमतमार्गे औंढा नागनाथला गेलं, की नंदी देवळाच्या पाठीमागे का, हे कुणीही सांगतं. नामदेवांना पुढे कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, तर अख्खं देऊळच त्यांच्याकडे वळलं. आता याच तालुक्यात दुधाळा-अंजनवाडा शिवारात ऐकण्याचंच काम करणारं एक यंत्र उभं राहायचं आहे. दूरच्या आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की अवकाशात उठणारी थरथर ते टिपणार. लायगो-इंडिया हे त्याचं नाव. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत निर्वात नळ्या, टोकाला आरसे. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर झाले आणि ११ मे २०२३ ला दिल्लीतून पायाभरणी झाली.

प्रकल्पाची धुरा अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्या नावाने दचकायचं कारण नाही. इथे अणुभट्टी नाही, इंधन नाही, किरणोत्सर्ग नाही. तरीही अणुसंशोधनाने ज्यांचं आयुष्य बदललं अशा लोकांच्या आठवणींचा विषय मराठवाड्यात काढायचा, तर तो इथूनच काढावा लागतो. कारण या यंत्राला स्वतःची एक जन्मकथा आहे.

अमेरिकेत प्रगत लायगोसाठी तीन संच घडवले गेले. त्यांतले दोन वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला बसायचे होते. पुढे त्यांपैकी एक भारताला द्यायचं ठरलं. म्हणजे औंढ्याला जे येणार, ते मुळात हॅनफर्डचं. आणि हॅनफर्ड म्हणजे नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ ला पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम जिथे तयार झालं ती जागा. १९४३ मध्ये हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या गावांतल्या, आसपासच्या वस्त्यांवरच्या सुमारे दीड हजार माणसांना घरं सोडायला सांगितलं गेलं. बहुतेकांना महिनाभराची मुदत मिळाली, काहींना त्याहूनही कमी. हा फळबागांचा मुलूख. स्मशानातली थडगीसुद्धा उकरून दुसऱ्या गावी नेली. कोलंबिया नदीकाठी पिढ्यान् पिढ्या मासे धरणाऱ्या वानापम लोकांची हिवाळी वस्तीही सुटली. कशासाठी, हे कुणालाच सांगितलं नाही. तिथे राबणाऱ्या हजारो मजुरांनाही आपण काय घडवतोय ते बॉम्ब पडल्यावर कळलं.

डिसेंबर १९४९ मध्ये एका गुप्त प्रयोगासाठी तिथून किरणोत्सारी आयोडीन मुद्दाम हवेत सोडलं गेलं. वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या शेतकऱ्यांना याचा पत्ता लागला १९८६ मध्ये, सरकारने हजारो पानांची कागदपत्रं खुली केली तेव्हा. मग ज्याने-त्याने आपलं घर आठवून पाहिलं: कोणाच्या गळ्याला गाठ होती, गायीचं दूध कोण प्यायचं. विद्यापीठातल्या लोकांनी पद्धतशीर मुलाखती घेतल्या त्या आणखी कितीतरी वर्षांनी. तोवर बाग स्वतःच्या हातांनी लावलेली माणसं गेलेली होती. उरली होती त्यांची मुलं, आणि मुलांना आठवतं ते निघण्याच्या दिवसाचं. बाग कोणत्या हंगामात कशी दिसायची, हे सांगायला कुणी नव्हतं.

आपल्याकडेही तेच होतं. तारापूरची पहिली दोन अणुवीज एककं १९६९ मध्ये सुरू झाली. तिसऱ्या-चौथ्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्या लोकांचं म्हणणं आज शोधायचं तर ते प्रामुख्याने उच्च न्यायालयातल्या याचिकांमध्ये सापडतं. पण याचिकेत माणूस तेवढंच बोलतो जेवढ्याची भरपाई मागता येते.

लातूरच्या भूकंपाचा अनुभव मला जास्त जवळचा आणि जास्त टोचणारा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली. किल्लारीच्या लोकांनी ती रात्र इतक्या पाहुण्यांना सांगितली आहे, की तिला आता एक ठरलेला साचा पडलाय. कुठे थांबायचं, कुठे पदर डोळ्याला लावायचा, हेही ठरलेलं. त्यांना दोष देत नाही. विचारणाऱ्यांनी तीन दशकं तेवढंच विचारलं. जुन्या गावात आड कोणाच्या दारात होता, कोणत्या गल्लीतून कोणाला जायला मनाई होती, नव्या गावातल्या सरळ रेषेतल्या घरांत ती मनाई कुठे गेली, हे विचारायचं राहून गेलं.

योगायोग असा की भूकंपशास्त्राला बळ आलं तेही अणुचाचण्यांमुळेच. जमिनीखालचा स्फोट आणि नैसर्गिक हादरा वेगळे ओळखता यावेत म्हणून १९६० च्या दशकात जगभर भूकंपमापक बसवले गेले. कर्नाटकात गौरीबिदनूरला आपल्या अणुऊर्जा खात्याने याच कामासाठी उपकरणांची मोठी रांग उभारली. तिचा आकारही लायगोसारखाच, दोन भुजांचा.

या पट्ट्यातल्या लोकांना थरथर नवी नाही. वसमत-कळमनुरीकडे भुईतून गूढ आवाज येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का हिंगोली-नांदेड-परभणीत जाणवला, जुलैमध्ये पुन्हा तेवढाच. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांश भागापेक्षाही कमी हालचाल मोजणारं यंत्र येतंय ते भांड्यांच्या किणकिणाटावरून धक्का ओळखणाऱ्या बायकांच्या शेजारी. शास्त्रज्ञांनी मापकं लावून ही जागा शांत ठरवली आहे; त्या बायकांची ‘शांत’ची व्याख्याही कुठेतरी नोंदवली जावी.

म्हणून म्हणतो, या शिवारातल्या लोकांना यंत्र येण्याआधी, आत्ताच विचारा. अजून कुणी कुणावर रागावलेलं नाही, कुणाला साचा पडलेला नाही. नांदेडचं विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं आहे. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गोळा करण्याची सवय या मुलखाला आहे. फक्त तिथे बोलले ते बहुतेक पुरुष, आणि तेही पुढारी. इथे गुराख्याला विचारायला हवं. हेमा रायरकर आणि गी पॉतवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या ज्यांना कुणी काही विचारत नाही अशा बायकांकडूनच.

साल विचारू नये. मराठवाड्यात काळ मोजतात तो रझाकारांच्या धामधुमीवरून, बहात्तरच्या दुष्काळावरून, सुकडी आणि मिलो खाल्लेल्या दिवसांवरून, किल्लारीच्या भूकंपावरून. शेताबद्दल विचारायचं तर १९५४ चं खासरा पाहणीपत्रक सोबत न्यावं. त्यावरचं नाव आणि बांधावर सांगितलं जाणारं नाव एकच निघालं नाही, तर गोष्ट तिथून सुरू होते. सर्व्हे नंबराला लोक काय म्हणतात तेही लिहून घ्यावं. कारण नकाशावर नंबर राहतो, पण ‘आंब्याचं’, ‘भुताचं’, ‘सासूचं’ अशी शेतांची नावं बोलणाऱ्याबरोबरच जातात.

आणि ध्वनिमुद्रण करताना मागे म्हशींच्या गळ्यातली घंटा वाजली, वारा आला, दूरवर ट्रॅक्टर गेला, तर ते कापून टाकू नये. यंत्र सुरू झाल्यावर तिथले शास्त्रज्ञ या सगळ्याला एकच शब्द वापरणार आहेत: नॉईज. तो गाळण्यातच त्यांचं निम्मं आयुष्य जाईल.