सौर वादळ आणि गावाची पूर्वतयारी

पिकाला लागणारा प्रकाश, ऊब आणि पाऊस ही सर्व सूर्याची देणगी होय. परंतु याच सूर्यावर अधूनमधून प्रचंड वादळे होतात व त्यांचा परिणाम पृथ्वीवरील विजेच्या तारांपर्यंत पोहोचतो, ही गोष्ट शेतकरी बांधवांच्या फारशी परिचयाची नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे सातपुड्याच्या पायथ्याचे, गुजरातच्या सीमेजवळचे गाव. अशा गावात आज विहिरीवरील पंप, नळाची टाकी, पिठाची गिरणी, मोबाईल आणि दुकानातील देणेघेणे ही सर्व विजेच्या आधाराने चालतात. ती वीज सलग काही दिवस आली नाही तर काय करावे, याचा विचार आधीच करून ठेवणे हिताचे आहे.

सौर वादळ म्हणजे काय?

सूर्यावर डाग दिसतात. त्यांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कमीअधिक होते. डाग वाढले की सूर्यावरील स्फोटही वाढतात. मोठ्या स्फोटात विद्युतभारित कणांचा अजस्र ढग अवकाशात फेकला जातो. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे आठ मिनिटांत येतो. या ढगाला मात्र साधारणपणे एक ते तीन दिवस लागतात. तो पृथ्वीवर आदळला म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेलकावे खाऊ लागते आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांत नको असलेला प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह जमिनीत पुरलेल्या जोडणीच्या वाटेने उपकेंद्रातील मोठ्या रोहित्रांत शिरतो. रोहित्रे तापतात, संरक्षक यंत्रणा वाहिन्या तोडतात आणि वीजपुरवठा कोसळतो. माणसाच्या, जनावरांच्या अथवा पिकाच्या अंगाला जमिनीवर या वादळाने इजा होत नाही. अपाय होतो तो तारांच्या जाळ्याला.

मुंबईत झालेली नोंद

अशा वादळाची जगातील एक अत्यंत महत्त्वाची नोंद महाराष्ट्रातच झाली आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्ला इतकी घट नोंदली गेली. साधारण वादळात ही घट शंभराच्या आसपास असते, यावरून त्याचे बळ ध्यानी यावे. त्या दिवसांत युरोप व अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली होती. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर एरवी ध्रुवाकडील देशांतच दिसणारा ध्रुवीय प्रकाश मुंबईच्या आकाशातही दिसला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजणी अलिबागला हलविण्यात आली. १९०४ पासून तेथील वेधशाळेत ती चालू आहे.

धोका किती मानावा?

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सौर वादळामुळे सुमारे दीड मिनिटात कोसळला आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ऑक्टोबर २००३ मध्ये स्वीडनमधील माल्मो शहराची वीज काही काळ गेली. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहाच्या आधारे चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. त्याच वेळी आपल्या लडाखमधील हानले येथे आकाश लाल झालेले दिसले.

हे सर्व देश ध्रुवाच्या बाजूचे आहेत. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या जवळ असल्याने येथे धोका पुष्कळ कमी आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. परंतु तो मुळीच नाही असे नव्हे. डिसेंबर २०१३ पासून देशातील पाचही विभागांची वीज एकाच जाळ्याला जोडलेली आहे. त्यामुळे एका भागाला दुसऱ्याचा आधार मिळतो, तसाच एका ठिकाणचा मोठा बिघाड दूरवर पोहोचण्याचा संभवही असतो. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली, तिचे कारण सूर्य नव्हता; पण जाळे कोसळते म्हणजे काय होते, हे त्या दिवशी दिसून आले. शिवाय वादळी पावसात खांब पडून वीज जाणे हा तर सातपुड्याच्या पायथ्याचा नेहमीचाच अनुभव आहे. कारण कोणतेही असो, तयारी एकच आहे. सौर वादळासाठी केलेली तयारी पावसाळ्यातही उपयोगी पडते. म्हणून ती वाया जात नाही.

सर्वांत आधी पाणी

वीज गेली की दिव्याआधी पाण्याची अडचण उभी राहते. पिणे, स्वयंपाक व स्वच्छता यांसाठी माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागते. सहा माणसांच्या शंभर कुटुंबांना ९,००० लिटर पाणी हवे. चांगला हातपंप मिनिटाला सुमारे १२ लिटर पाणी देतो. म्हणजे एका हातपंपावर ही गरज भागविण्यास साडेबारा तास अखंड दांडा मारावा लागेल. यावरून प्रत्येक वस्तीत व पाड्यावर निदान दोन हातपंप चालू स्थितीत असणे किती आवश्यक आहे, हे समजून येईल. नळ आल्यापासून जे हातपंप नादुरुस्त पडले आहेत, त्यांची दुरुस्ती उन्हाळ्यापूर्वी करून घ्यावी. जुन्या आडांचा गाळ काढावा. रहाट, दोर व पोहरे जपून ठेवावेत.

उघड्या विहिरीचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. एक हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती थोड्या पाण्यात कालवून, गाळ बसू द्यावा व वरचे पाणी टाकीत मिसळावे. त्यानंतर एक तासाने पाणी वापरावे.

पीक, जनावरे आणि धान्य

मोठ्या जनावरास रोज ४० ते ६० लिटर पाणी लागते. नदीनाल्याच्या कोणत्या डोहावर जनावरे न्यावयाची, हे आधी ठरवून ठेवावे. पाणी थोडे असेल तर सर्व शेत अर्धवट भिजविण्यापेक्षा पिकाच्या नाजूक अवस्थेसच ते द्यावे. गव्हास मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, आणि हरभऱ्यास फुले लागताना व घाटे भरताना दिलेली पाळी अधिक फलदायी ठरते. भाजीपाल्याच्या वाफ्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल टिकते.

गिरणी बंद पडेल हे गृहीत धरून आठ दिवसांचे पीठ घरात असू द्यावे. माळ्यावरचे जाते टाकून देऊ नये. थोडी रोख रक्कमही जवळ असावी, कारण जाळे बंद पडल्यास मोबाईलवरून पैसे देता येणार नाहीत.

सौर पंप व इंजिन

जाळ्याला न जोडलेला सौर कृषिपंप अशा वेळी मोठा आधार ठरतो. त्याच्या तारा आखूड असल्याने सौर वादळाचा प्रवाह त्यांत साठत नाही आणि ऊन असेतोवर तो चालतो. ज्यांच्याकडे असा पंप आहे त्यांनी वस्तीला पिण्याचे पाणी देण्याचे आधीच कबूल करावे. मात्र छतावरील जी सौर यंत्रणा जाळ्याला जोडलेली असून बॅटरीविना आहे, ती वीज जाताच आपोआप बंद पडते, हे विसरू नये. जुने डिझेल इंजिन महिन्यातून एकदा चालवून पाहावे. पेट्रोल पंपही विजेवर चालतात. म्हणून थोडे डिझेल घरापासून दूर, बंद डब्यात ठेवावे. जनित्राची जोडणी घरच्या तारांना परस्पर करू नये. त्यातून खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

वीज परत येताना

वीज येताच सर्व पंप एकदम सुरू झाले तर डी. पी. जळते आणि गाव पुन्हा अंधारात जाते. म्हणून वीज जाताच स्टार्टरवरील ऑटो स्विच बंद करावा. वीज आल्यावर पंधरा मिनिटे थांबून, ठरलेल्या क्रमाने एकेक पंप लावावा.

कार्यकर्त्यांचे काम

भारताचे आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर अंतरावरून सूर्याचे निरीक्षण करीत आहे. अशा निरीक्षणामुळे वादळाची सूचना आधी मिळू शकते. परंतु ती सूचना पाड्यापर्यंत पोहोचविणारा माणूस गावातच असावा लागतो. ग्रामकार्यकर्त्यांनी सेलवर चालणारा रेडिओ जवळ ठेवावा. चालू हातपंप, आड, सौर पंप व डिझेल इंजिने यांची यादी ग्रामपंचायतीत लावावी. बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रिया व आजारी वृद्ध यांची नोंद ठेवावी. लसी थंड ठेवण्यासाठी बर्फाच्या पिशव्या तयार आहेत ना, याची आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि एक दिवस ठरवून गावाने विजेच्या पंपाविना पाणी भरून पाहावे. कोणता हातपंप कोरडा आहे व कोणत्या पाड्याला पाणी दूर पडते, हे त्या एका दिवसात कळेल. उणीव आज कळली तर ती दुरुस्त करण्यास अवधी मिळतो.