आपल्या इतिहासाची पेटी भंगारात जाऊ देऊ नका!

मुंबईत १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. कॅमेरा तेव्हा गोऱ्या साहेबांच्या आणि नारायण दाजींसारख्या मोजक्या एतद्देशीयांच्या हाती होता. पुढे इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. त्यातील बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही, जात-जमातीचे आहे. वर्णव्यवस्थेने जे केले तेच कॅमेऱ्यानेही केले!

ही नजर बदलण्याचे काम सुधारक ओलवे यांनी केले. १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम केलेल्या ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे जगापुढे मांडले. गटारात उतरणारा हा कामगार बहुसंख्येने आपल्याच समाजाचा. २००४ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या 'ऑल रोड्स' उपक्रमात त्यांची निवड झाली, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण एकट्याने मोठे न होता त्यांनी 'फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट' ही ना-नफा संस्था उभी केली. समाजाचा प्रश्न मांडणारी छायाचित्रणकला रुजावी म्हणून झटणाऱ्या अशा संस्थेचे मोल चळवळीने ओळखले पाहिजे.

कारण फोटो हा पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मोबाइलमधला फोटो कोर्टात दाखल करायचा तर त्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते. अत्याचाराचा फोटो शंभर जणांना पाठवला जातो, पण ज्या मोबाइलवर काढला त्यातून तो पुसला जातो. मग साक्षीदार असूनही पुरावा दुबळा पडतो. मूळ फाईल, तारीख, ठिकाण आणि काढणाऱ्याचे नाव जपायला आपल्या पोरांना कोण शिकवणार?

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. नायगाव, डिलाईल रोड, वरळी येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १० जानेवारी १९७४ रोजी परळमध्ये मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि पँथर भागवत जाधव शहीद झाले. त्या काळातले मोर्चे, चैत्यभूमीवरचा ६ डिसेंबर, भीमजयंतीच्या मिरवणुका यांचे फोटो याच चाळींतल्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. घर बदलताना पहिली भंगारात जाते ती जुनी पेटी. फोटोतली माणसे ओळखणारे वृद्धही एकेक करून जात आहेत.

प्रस्थापित आपला इतिहास जपतील, या भ्रमात राहू नका. दादर-परळच्या प्रत्येक बुद्धविहाराने एक कपाट फोटोंसाठी राखावे. सुशिक्षित तरुणांनी वृद्धांपाशी बसून प्रत्येक फोटोमागे नावे लिहून घ्यावीत, प्रती काढून मूळ फोटो घरच्यांना परत द्यावेत. जाणत्या छायाचित्रकारांना विहारात बोलवावे. जयंतीच्या डीजेवर उधळल्या जाणाऱ्या पैशातला थोडा हिस्साही या कामाला पुरेसा आहे. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले. त्यांच्या अनुयायांना फोटोंसाठी एक कपाट जड जाऊ नये!

जयभीम!