उस्ताद दंड काढायला लावतो, करत नाही!

मराठीत दंड म्हणजे बाहू, दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे व्यायाम आणि दंड म्हणजे शिक्षाही. हे सगळे अर्थ एका जागी गोळा झालेले पाहायचे तर लष्करातल्या रंगरुटांचं मैदान गाठावं. तिथं तीन फितींचा हवालदार उभा असतो. नावानं त्याला कोणी हाक मारत नाही, तो सगळ्यांचा ‘उस्ताद’.

बुटाला चमक नाही? फॉल-इनला दोन मिनिटं उशीर? मग ‘रगडा’ सुरू. फ्रंट रोल, मुर्गा, नाहीतर पाठीवर भरलेला पिट्टू घेऊन मैदानाला चकरा. पॅटिसवरच्या रगड्याशी याचं नातं एवढंच, की शेवटी दोन्हींत लगदा होतो. अकोल्याच्या पोरानं सवयीनं “काऊन?” (म्हणजे “का?”) विचारलं, की आणखी दहा दंड वाढले म्हणून समजा.

आणि गंमत पाहा, कायद्यानं शिक्षा ठोठावणं हे उस्तादाचं कामच नाही! 1950 च्या आर्मी अॅक्टच्या कलम 80 प्रमाणे तो अधिकार कमांडिंग ऑफिसरचा किंवा तशी मुभा मिळालेल्या अधिकाऱ्याचा: 28 दिवसांपर्यंत लाइनीबाहेर पडायला बंदी, जादा पहारे, 14 दिवसांपर्यंतच्या पगाराचा दंड वगैरे. उलट हाताखालच्या जवानाला मारहाण केली, छळलं, तर कलम 47 खाली उस्तादालाच सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून रगड्याचं अधिकृत सोंग ‘सुधारणेचं’. सुधारणा आणि छळ यांतली रेघ कुठं पुसट होते, ते मात्र त्या मैदानावरच्या घामालाच ठाऊक.

हवालदाराच्या तोडीचा इंग्रजी हुद्दा म्हणजे ‘सार्जंट’. त्या शब्दाचं लॅटिन मूळ सेवकाचं. आपला हवालदार मात्र ज्याच्या हवाली काही केलंय तो. शिवरायांच्या गडावर हवालदार असे आणि पागेतही 25 बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार. आज पोलिसांतही तीन फितींचा हवालदारच. ‘सार्जंट’ भेटतो तो हवाई दलात, नाहीतर कॉलेजच्या एनसीसीत, म्हणजे अमरावतीत एखाद्या बी.एस्सी.च्या पोराच्या बाहीवरही!

अमरावतीला तर दंडांचं वेडच. 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकानं तिथं देशी खेळ करून दाखवले. उस्ताद जे शिक्षा म्हणून करून घेतो, ते इथली माणसं पहाटे उठून हौसेनं करतात.

फौजेशी वऱ्हाडचं नातं मात्र पैशाच्या व्यवहाराचं. निजामाच्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेच्या खर्चापायी 1853 साली अख्खं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पोशिंदा प्रदेश, खाणारी फौज. 1903 साली ही फौज इंग्रजांच्या भारतीय सैन्यात मुरली आणि तिच्या एका पलटणीला वऱ्हाडच्या इंग्रजी नावावरून नाव पडलं ‘96 वी बेरार इन्फंट्री’. पुढे फिरत फिरत हे नाव कुमाऊं रेजिमेंटमध्ये पोचलं. तिची दुसरी बटालियन आजही कंसात ‘बेरार’ मिरवते. रेजिमेंटचं केंद्र आहे रानीखेतला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत पहाडी पोरं रगडा खातात आणि त्यातल्या काहींच्या पलटणीच्या नावात आमच्या मे महिन्याचं ऊन असतं.