गोळी कोणती, हेही परवान्यात लिहा

सायवनपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात भात पिकायला लागलं की रानडुकरांचा प्रश्न उभा राहतो. रात्रीतून कळप शेतात उतरतो. खातो थोडं, तुडवतो जास्त. यावर कायद्याने ठेवलेली वाट अरुंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे. मात्र कलम 11 खाली, उभ्या पिकाला धोका ठरलेला अनुसूची 2 मधला प्राणी मारण्याची परवानगी अधिकृत वनाधिकारी लेखी आणि कारणं नोंदवून देऊ शकतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर याच अनुसूचीत आहे. अशा परवानगीची चर्चा रंगते ती कोणी मारायचं, किती मारायची आणि कुठवर, याभोवती. कशाने मारायचं, हा प्रश्न मात्र 'बंदुकीने' एवढ्यावर मिटतो. माझ्या मते तो तिथे मिटू नये. बंदुकीबरोबर गोळीची जातही परवान्यात लिहिलेली असावी.

बंदुकीची बढाई मारताना लोक बोअर सांगतात, आवाज सांगतात. जनावराला यातलं काहीच लागू पडत नाही. लागू पडतं ते गोळी अंगात शिरल्यावर काय करते ते. संपूर्ण तांब्याच्या कवचाची लष्करी धाटणीची गोळी सरळ आरपार जाते आणि अनेकदा बारीकसं भोक ठेवते. डुक्कर त्या जखमेनिशी पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास मरत पडतं. उलट शिशाचं नाक उघडं असलेली सॉफ्ट नोज गोळी आत फुलते, रुंद जखम करते, आणि फुप्फुस किंवा हृदय सापडलं तर जनावर लवकर संपतं. पण तीही फार लवकर फुलली तर वरच्या वर फुटून जाते. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते आणि त्यावर चिखलाचा थर. अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर यांना 1946 मध्ये हाच धडा मिळाला: चिखलाने माखलेल्या मूस जातीच्या मोठ्या हरणाच्या अंगात त्यांची गोळी पुरेशी खोल गेलीच नाही. त्यातून त्यांनी मधे धातूचा पडदा असलेली गोळी घडवली. पुढचा भाग फुलतो, मागचा भाग पडद्याआड शाबूत राहून खोल जातो. पाश्चात्त्य शिकारी घरी काडतुसं भरत बसतात, त्यामागचा एक हेतू हाच असतो, आपल्या रायफलीला आणि आपल्या जनावराला जुळणारी गोळी निवडणं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवताच येत नाही, त्यामुळे ही हौस इथल्या शेतकऱ्याच्या कामाची नाही. निवड मात्र कामाची आहे. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं .315 बोअरचं सॉफ्ट नोज काडतूस जुन्या परवानाधारकांना चांगलं ठाऊक आहे. त्याची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे सुमारे 16 ग्रॅमची, जड आणि संथ. जवळच्या अंतरावर डुकरासाठी ती बेताची नाही, चांगलीच पुरेशी आहे. ठासणीच्या बंदुकीतल्या छऱ्यांबद्दल तसं म्हणता येत नाही. छऱ्याने डुक्कर जखमी होतं, मरेलच असं नाही, आणि जखमी डुक्कर माग काढणाऱ्याच्या अंगावर येतं.

यावर पहिला आक्षेप असा, की फुलणारी गोळी क्रूर असते. युद्धात तिच्यावर बंदी आहे ना? आहे. कोलकात्याजवळच्या डमडममध्ये 1890 च्या दशकात बनलेल्या अशाच गोळ्यांमुळे 1899 च्या हेग परिषदेत त्या बंदीची घोषणा झाली. पण युद्धात सैनिक जायबंदी झाला तरी हेतू साधतो, आणि मग त्याच्यासाठी डॉक्टर असतो. डुकरासाठी कोणी नसतं. म्हणून तिथे जी गोळी माणुसकीची, ती इथे निर्दय ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोळी कुठे लागली हेच महत्त्वाचं, कसली आहे याने काय फरक पडतो? दिवसा, उभ्या जनावरावर, हे बरंचसं खरं आहे. पण पीक राखायला येणारा नेमबाज रात्री, बॅटरीच्या उजेडात, हलत्या कळपावर नेम धरतो. नेम चार बोटं चुकणार हे धरूनच गोळी निवडायची असते.

या भागात आणखी एक गोष्ट मोजावी लागते. इथली वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली आहे. शेताच्या बांधापलीकडे कोणाचं तरी घर असतं. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते, आणि आरपार गेलेली कवचबंद गोळी जनावरापलीकडेही जीवघेणी असते. फुलणारी गोळी अंगातच थांबण्याची शक्यता बरीच जास्त. तेवढ्यावर विसंबायचं मात्र नाही: माळ्यावरून खाली, जमिनीच्या दिशेने नेम धरायचा, म्हणजे सुटलेली गोळी मातीत जाईल. गोळीच्या अटीशेजारी ही अटही परवान्यात बसेल.

शिशाचा प्रश्न उरतो, आणि मला तो सगळ्यात अवघड वाटतो. फुलणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूला विखुरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरणांत दिसतात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांना अशाच मांसातून विषबाधा होत असल्यामुळे 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरायला राज्यभर बंदी आहे. मेलेल्या जनावराच्या अंगातलं विष काय करतं, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको: गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 1992 ते 2007 या काळात 99 टक्क्यांहून अधिक घटली. संपूर्ण तांब्याची फुलणारी गोळी हा उपाय आहे, पण ती महाग आणि आपल्याकडे दुर्मीळ. तिची सक्ती आजच करा म्हणणं म्हणजे परवाना कागदावरच ठेवणं. तोवर मधला मार्ग असा: परवानगीने मारलेलं डुक्कर कायद्याने सरकारी मालमत्ताच असतं, तेव्हा ते वन कर्मचाऱ्यांच्या देखत खोल पुरायचं, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये इतकं. त्या खड्ड्याची खोली आणि गोळीची जात, दोन्ही पंचनाम्यात एकाच पानावर लिहिता येतील.