कार्डावरचे दप्तर

व्याख्यान, नाट्यप्रयोग अथवा विवाहसमारंभ यांचे चित्रण उत्तम झाले, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते निर्वेध पाहिलेही गेले, आणि तरीही घरी आणून संगणकातील संपादन-सॉफ्टवेअरच्या हवाली करताच चित्र येते पण आवाज येत नाही, किंवा आवाज येतो पण दर पाव तासाने चित्र हिसका खाते, किंवा सॉफ्टवेअर त्या फायलीला ओळखच देत नाही, हा अनुभव व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यातील बहुतेक मंडळींच्या परिचयाचा आहे. अशा वेळी दोषाचे खापर प्रथम सॉफ्टवेअरवर, मग संगणकावर आणि फारच वैतागल्यावर कॅमेऱ्यावर फुटते. माझ्या मते या तिघांपैकी बहुधा कोणीच अपराधी नसतो. अपराध घडतो तो कार्ड संगणकात खाली करताना, आणि तोही निव्वळ काटकसरीच्या बुद्धीने.

या काटकसरीचे मूळ टेपच्या काळात आहे. १९९५च्या सुमारास आलेल्या डीव्ही कॅसेटवरील चित्रण फायरवायर केबलने संगणकात उतरवताना तासाभराच्या कॅसेटला तासभर बसावे लागे आणि त्या तासाची सुमारे १३ जीबीची एकच फाईल तयार होई. काम कंटाळवाणे खरे, परंतु एक चित्रण म्हणजे एक फाईल हा हिशेब सरळ होता. कार्डे आली, तासाभराचे काम काही मिनिटांवर आले, आणि जुना हिशेब मात्र लोकांच्या डोक्यात तसाच राहिला. कार्ड उघडावे, त्यातील सर्वांत मोठ्या फायली हुडकून तेवढ्याच उचलाव्यात आणि बाकीची बारीकसारीक अडगळ तिथेच सोडावी, अशी पद्धत त्यातून रूढ झाली.

ती अडगळ नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि अमुक कागद अमुक रुमालातला हा दाखला सुटला की अस्सल कागदही निम्मा मुका होतो. व्यावसायिक कॅमेऱ्याच्या कार्डाची व्यवस्था याच जातीची आहे. पॅनासोनिकने २००४ साली बाजारात आणलेल्या पी२ कार्डाचे उदाहरण घ्यावे. त्यात ‘कंटेन्ट्स’ नावाचे एक मुख्य फोल्डर असते व त्याच्या पोटात व्हिडिओ, ऑडिओ, क्लिप, आयकॉन, प्रॉक्सी आणि व्हॉइस अशी सहा उपफोल्डरे असतात. चित्र व्हिडिओच्या फोल्डरात आणि आवाज ऑडिओच्या, तोही प्रत्येक माइकच्या वाटेचा निरनिराळ्या फायलीत. आणि कोणते चित्र कोणत्या आवाजाचे, ही नोंद क्लिपच्या फोल्डरातील जेमतेम काही किलोबाइटांच्या एक्सएमएल फायलीत. ज्याने मोठ्या फायलींचे फोल्डर तेवढे उचलले त्याच्या हाती मूकपट येतो. ज्याने सर्व उचलले परंतु फायलींना ‘सीमांतपूजन’, ‘सप्तपदी’ अशी सुबक नावे दिली, त्याचीही तीच गत होते, कारण नोंदीत नावे जुनी असतात आणि सॉफ्टवेअर नोंदीवर विश्वास ठेवते.

आवाज नाहीसा होण्याचे हे एक कारण झाले. हिसक्याचे कारण निराळे आहे. सोनीने २००७ साली एक्सडीकॅम ईएक्स मालिकेचा पीएमडब्ल्यू-ईएक्स१ हा कॅमेरा आणला, त्याच्या एसएक्सएस कार्डावर ‘बीपीएव्ही’ नावाचे फोल्डर असते. कार्डाची अंतर्गत आखणी फॅट३२ या पद्धतीची असल्यामुळे, आणि त्या पद्धतीत कोणतीही एक फाईल ४ जीबीपलीकडे वाढू शकत नसल्यामुळे, कॅमेरा मर्यादा जवळ येताच चालू फाईल बंद करून पुढची सुरू करतो. उत्तम प्रतीचे चित्रण सेकंदाला ३५ मेगाबिट या दराने होत असल्याने ही मर्यादा साधारण पाव तासात गाठली जाते. म्हणजे वक्त्याने दीड तास न थांबता भाषण केले तर त्याचे सहाएक तुकडे होणारच. तुकड्यांच्या नावातील शेवटचे दोन अंक ०१, ०२, ०३ असे चढत जातात आणि त्यांना अखंड चित्रण म्हणून जोडण्याची माहिती पुन्हा सोबतच्या छोट्या फायलींत असते. ती मागे ठेवून तुकडे हाताने एकापुढे एक मांडले, तर नेमक्या सांध्यावर शब्द तुटतो, आणि वक्ते सांध्याची वेळ पाहून बोलत नसल्यामुळे तो बहुधा महत्त्वाचाच निघतो.

आपल्याकडील लग्नसराईत बराच काळ वावरलेली पद्धत म्हणजे एव्हीसीएचडी. सोनी आणि पॅनासोनिक यांनी ती २००६ साली संयुक्तपणे जाहीर केली आणि सोनीचा एचएक्सआर-एमसी२५०० हा खांद्यावरचा कॅमेरा त्याच पद्धतीने चित्रण करतो. तिच्या एमटीएस फायली ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरात, चार-पाच पायऱ्या खोल दडलेल्या असतात. येथेही तुकडे आहेतच, परंतु आणखी एक अडचण अशी की आवाज पुष्कळदा डॉल्बी डिजिटल पद्धतीने दाबून साठवलेला असतो आणि त्या पद्धतीचा उलगडा करण्याची सोय सर्वच संपादन-सॉफ्टवेअरांत नसते. फाईल धडधाकट, चित्र स्वच्छ आणि आवाजाची पट्टी मात्र रिकामी, असे दिसले तर पहिला संशय येथे घ्यावा. चित्रणापूर्वीच कॅमेऱ्यात लिनियर पीसीएम आवाजाची निवड उपलब्ध असल्यास ती करावी, किंवा मागाहून तेवढा आवाज वेव्ह फाईलमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

तेव्हा योग्य रीत अशी की प्रत्येक कार्डासाठी संगणकात स्वतंत्र फोल्डर काढावे, त्याला तारीख व प्रसंग यांचे हवे ते नाव द्यावे, आणि कार्डावरील यच्चयावत सामग्री, रिकामे वाटणारे फोल्डर न वगळता, तिच्या मूळ मांडणीसह आत उतरवावी. दोन कार्डांचा माल एकाच फोल्डरात ओतू नये. दोहोंत ००००० पासून सुरू होणाऱ्या फायली असतात आणि संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला घाईत ‘होय’ म्हटले की एक दुसरीला पुसून टाकते. नक्कल झाल्यावर रुजवात घ्यावी. दोन्हीकडील फायलींची संख्या व एकूण बाइट पडताळणे हे किमान. त्याहून पक्की रीत चेकसमची, जिच्यात फाईलमधील एक बिट जरी बदलला तरी निष्पन्न होणारी संख्या साफ वेगळी येते. यानंतर सॉफ्टवेअरमध्ये फाईल माऊसने ओढून टाकण्याऐवजी प्रीमिअरमधील मीडिया ब्राउझर किंवा फायनल कटमधील इम्पोर्टची खिडकी यांच्या वाटेने जावे, कारण कार्डाची मांडणी वाचून तुकडे सांधण्याचे काम या वाटेवर होते.

इतके करूनही अडले, तर साक्षीदार क्रमाने तपासावेत. कार्ड कॅमेऱ्यात परत घालून तेच दृश्य तिथे चालते का, हे प्रथम पाहावे. चालत असेल तर अस्सल शाबूत आहे आणि दोष नकलेपासून पुढे आहे. मग संगणकातील नक्कल कॅमेऱ्याच्या निर्मात्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. सोनीच्या चित्रणासाठी कॅटॅलिस्ट ब्राउझ हे असे साधन आहे. तिथे ती चालली आणि संपादनात चालली नाही, तर नक्कलही निर्दोष असून संपादन-सॉफ्टवेअरला ती पद्धत अवगत नाही, एवढाच निष्कर्ष उरतो व त्याची नवी आवृत्ती घेणे किंवा फायली प्रोरेस वा डीएनएक्सएचडी यांसारख्या संपादनसुलभ स्वरूपात बदलणे हा त्यावर इलाज होय. व्हीएलसीमध्ये फाईल चालते ही साक्ष मात्र मी ग्राह्य धरीत नाही, कारण तो प्लेअर इतका उदार आहे की मोडकी फाईलही तो पुष्कळदा चालवून दाखवतो.

एक दोष असा आहे की तो हस्तांतराचा वाटतो, परंतु असतो मांडणीचा. ५०आय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रणात सेकंदाला २५ पूर्ण चित्रे नसून ५० अर्धी चित्रे असतात: एका पन्नासांशाला विषम क्रमांकाच्या रेषा, दुसऱ्याला सम क्रमांकाच्या. मंगलाष्टके संपताना अक्षता टाकणारा हात या दोन क्षणांत थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून संगणकाच्या पडद्यावर त्या हाताची कड फणीच्या दात्यांसारखी दिसते. एचडी चित्रणात वरची रेषा आधी येते, जुन्या डीव्हीत खालची. सॉफ्टवेअरचा या क्रमाबद्दलचा समज उलटा झाला की तोच हात पुढे, मागे, पुन्हा पुढे असा थरथरतो. फायलीच्या गुणधर्मांत क्रम दुरुस्त करताच थरथर थांबते. कॅमेरा दुरुस्तीला नेण्याचे कारण नाही.

चित्र अडखळत चालणे हाही अनेकदा आजार नसतो. एच.२६४सारख्या पद्धतीत काही मोजकी चित्रे पूर्ण असतात व मधली केवळ आधीच्या-नंतरच्यांशी असलेल्या फरकाच्या रूपाने साठवलेली असतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कात्री लावताना संगणकाला मागचापुढचा सगळा हिशेब मांडावा लागतो. हलक्या प्रॉक्सी फायली करून काम केल्यास जुना संगणकही निभावतो.

खरी हानी एकाच प्रसंगी संभवते. चित्रण चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड उपटले गेले, तर फायलीच्या अखेरीस लिहिली जाणारी अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. चित्र कार्डावर असते, पण ते कुठे कसे आहे हे सांगणारे कोणी नसते. असे कार्ड संगणकात घालून दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत आणि त्यावर पुढचे चित्रण तर मुळीच करू नये. ज्या कॅमेऱ्यातले ते असेल त्याच्यातच ते घालावे. अनेक व्यावसायिक कॅमेरे अपुरी क्लिप ओळखून ती पूर्ववत करण्याची परवानगी आपण होऊन मागतात, ती द्यावी.

हे सर्व शूटिंगवाल्यांनी सांभाळायचे खरे, परंतु यजमानांनाही एक विनंती आहे. समारंभ आटोपल्यावर संगीत चढवलेली, कापलेली चित्रफीत तेवढी घेऊन समाधान मानू नये. प्रत्येक कार्डाच्या मूळ फोल्डराची अखंड नक्कल आपल्या हार्ड डिस्कवर मागून घ्यावी, आणि ती मिळाल्याखेरीज कार्डे पुसू नयेत असे आधीच ठरवून ठेवावे. ३५ मेगाबिटच्या दराने तासाला सुमारे १६ जीबी लागतात, म्हणजे सहा तासांचे अख्खे लग्न १०० जीबीत मावते.